मोजायचे तर मालकालाही मोजा



‘बेंचमार्किंग’ हा शब्द रेल्वे आणि टपाल कामगारांना नवा नाही. एका विभागात अमुक कामाला इतकी माणसे लागतात, मग दुसऱ्या विभागात जास्त का, असा हिशेब मांडून रेल्वेत पदे सरेंडर करायला लावतात. टपाल खात्यात कोणत्या कामाला किती मिनिटे हे ठरवून त्यावरून माणसांची संख्या काढतात. ग्रामीण डाक सेवकाचा तर मेहनतानाच कामाच्या तासांवर बांधलेला आहे. म्हणजे मोजपट्टी आपल्या पाठीशी कायमची लागलेली आहे. म्हणूनच आज आपल्या खात्याबाहेरच्या एका धंद्याविषयी लिहीत आहोत. तो धंदा आहे घरोघर नळाने गॅस पोहोचवण्याचा. ही पट्टी तेथे कंपनीला कोण लावतो, हे पाहिले म्हणजे आपल्यालाही पुष्कळ उमजते.

मुंबईत महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली. गेल ही सरकारी कंपनी आणि ब्रिटिश गॅस यांचा तो संयुक्त उपक्रम. पुढे महाराष्ट्र शासनाचाही त्यात भाग आला. २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले आणि २०१९ साली ब्रिटिश भागीदार बाहेर पडला. दिल्लीसाठी १९९८ साली इंद्रप्रस्थ गॅस निघाली. त्याच वर्षी २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या बसगाड्या सीएनजीवर आणण्याचा आदेश दिला होता. पुण्यात २००६ साली महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनी आली. पुढे तिने नाशिक आणि सिंधुदुर्गचे कामही घेतले. आज आपले कितीतरी सहकारी ज्या इमारतींत राहतात तेथे स्वयंपाकघरात पिवळी नळी आलेली आहे, आणि रिक्षा-टॅक्सीवाल्याचे पोट तर सीएनजीच्या दरावरच चालते.

आता या धंद्याचा स्वभाव लक्षात घ्या. एका रस्त्याखाली दोन कंपन्यांचे दोन नळ टाकणे म्हणजे मुंबई-पुणे मार्गाशेजारी दुसऱ्या मालकाचा दुसरा लोहमार्ग टाकण्यासारखे आहे. परवडणार कोणाला? म्हणून एका भागाला एकच कंपनी मिळते. गिऱ्हाइकाला भाजीवाला बदलता येतो, गॅसवाला बदलता येत नाही. सिलिंडरकडे परत जायचे म्हटले तरी ते सोपे नाही. जेथे स्पर्धा नाही तेथे कंपनी काटकसरीने चालते की सैल हाताने, हे बाजार सांगू शकत नाही. ते कोणीतरी मोजावे लागते. या मोजणीलाच कार्यक्षमतेचे बेंचमार्किंग म्हणतात. ते मुळात वाईट नाही. मक्तेदाराला लगाम घालण्याचे ते एक साधन आहे.

आपल्याकडे हा लगाम कोणाच्या हाती आहे? संसदेने २००६ साली पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळाचा कायदा केला आणि २००७ साली मंडळ स्थापन झाले. त्याचे कार्यालय नवी दिल्लीत बाबर रोडवर आहे. कस्तुरबा गांधी मार्गावर २०१३ साली आपले नवे महाराष्ट्र सदन उभे राहिले. तेथून हे कार्यालय पायी जाण्याइतके जवळ. दिल्लीचे उच्च न्यायालय आणि सर्वोच्च न्यायालयही त्याच परिसरात, आणि संसद फार दूर नाही. गॅसच्या दराचा सारा झगडा या दोन-तीन मैलांत घडला.

तो झगडा असा. मंडळाने २००८ साली नियम केला की गॅसवाहिन्यांच्या जाळ्यात गुंतवलेल्या भांडवलावर कर भरून १४ टक्के परतावा मिळेल असा आकार कंपनीने लावावा. ९ एप्रिल २०१२ रोजी मंडळाने इंद्रप्रस्थ गॅसचा हिशेब तपासून आदेश काढला. जाळ्याच्या वापराचा आकार कंपनीने दर एमएमबीटीयूला १०४.०५ रुपये मागितला होता, मंडळाने तो ३८.५८ रुपये ठरवला. एमएमबीटीयू हे उष्णतेचे माप आहे, त्यात साधारण २५ घनमीटर गॅस येतो. म्हणजे घनमीटरमागे चार रुपयांच्या जागी दीड रुपया. सीएनजी दाबून भरण्याचा आकार किलोमागे ६.६६ रुपयांवरून २.७५ रुपयांवर आणला. आणि हे सारे १ एप्रिल २००८ पासून लागू. कंपनीचे शेअर धडाधड कोसळले. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि १ जून २०१२ रोजी आदेश रद्द झाला. १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही तोच निकाल कायम केला. न्यायालयाने सांगितले की कंपनी आपल्याच वाहिनीतून आपल्याच गिऱ्हाइकाला गॅस विकते तेव्हा तिचा आकार वा विक्रीची किंमत ठरवण्याचा अधिकार कायद्याने मंडळाला दिलेलाच नाही. दुसऱ्याचा गॅस वाहून नेण्याचे भाडे तेवढे मंडळ ठरवू शकते.

न्यायालयाला दोष देण्याचे कारण नाही. कायद्यात जे लिहिले तेच न्यायालय वाचणार. परंतु परिणाम काय झाला ते पाहा. चार रुपये बरोबर की दीड रुपया, या प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही. मोजणाऱ्याच्या हातातली पट्टी काढून घेतली गेली आणि मोजमाप बाजूला राहिले. आजही घरगुती गॅसच्या दरवाढीला नियामक मंडळाची मंजुरी लागत नाही. कंपनी रात्री पत्रक काढते, सकाळपासून नवा दर लागू.

शेजारच्या धंद्याशी ताडून पाहा. विजेचा दर वाढवायचा तर वितरण कंपनीला महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे खर्चाचा हिशेब मांडावा लागतो. जनसुनावणी होते. तेथे ग्राहक संघटना, कामगार संघटना, साधा नागरिकही उभा राहून हरकत घेऊ शकतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालय २०१३ पासून देशातल्या वीज वितरण कंपन्यांना गुण देऊन त्यांची क्रमवारी छापते. या पद्धतीत उणिवा आहेत, त्यावर वीज कामगारांनी टीकाही केली आहे. तरी निदान कागद उघडे होतात. गॅसच्या बाबतीत किती जोडण्या दिल्या, किती सीएनजी पंप उघडले, किती वाहिनी टाकली, हे आकडे मिळतात. पण एका जोडणीमागे वा एका किलोमीटर वाहिनीमागे कोणत्या कंपनीने किती खर्च केला आणि शेजारच्या कंपनीच्या मानाने तो जास्त की कमी, असा तक्ता गिऱ्हाइकासमोर येत नाही.

मोजणी टाळून लिलावाने काम भागवण्याचा प्रयत्नही झाला. २०१८ पूर्वी नवे जिल्हे देताना जी कंपनी जाळ्याचा आकार कमी सांगेल तिला काम, अशी पद्धत होती. काही कंपन्यांनी दर एमएमबीटीयूला चक्क एक पैसा आकार लिहून बोली लावली! एका पैशात कोणी रस्ता खणतो काय? त्यांना ठाऊक होते की वाहिनीच्या आकारात सोडलेले पैसे गॅसच्या विक्री-किमतीतून वसूल करता येतात, आणि त्या किमतीवर कोणाचा ताबा नाही. मग २०१८ साली नियम बदलले. आठ वर्षांत किती घरांना जोडणी देणार याला ५० गुण, सीएनजी पंपांना २०, पोलादी वाहिनीला २० आणि दराला उरलेले १० गुण. एक पैशाच्या बोली थांबाव्यात म्हणून आकाराला किमान ३० रुपयांची मर्यादा घातली. आता कंपन्या जोडण्यांचे डोंगराएवढे आकडे लिहू लागल्या. आधी दराचा खोटा आकडा, मग कामाचा फुगवलेला आकडा. ज्या गोष्टीला गुण मिळतात ती कागदावर वाढते, हा धडा आपण रेल्वेत अनेकदा शिकलो आहोत.

येथे एक प्रामाणिक शंका कोणी विचारील. कंपन्या नफ्यात आहेत, मग त्या कार्यक्षमच नव्हेत काय? महानगर गॅसचेच उदाहरण घेऊ. २०२२-२३ साली तिचा निव्वळ नफा सुमारे ७९० कोटी रुपये होता, २०२३-२४ साली तो सुमारे १,२८९ कोटी झाला. एका वर्षात कामाची गती किंवा माणसांचे कसब इतके वाढले काय? एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने जुन्या विहिरींतल्या देशी गॅसची किंमत खनिज तेलाच्या किमतीच्या १० टक्के धरली आणि तिला साडेसहा डॉलरची कमाल मर्यादा घातली. गॅस स्वस्त झाला. कंपनीने सीएनजी किलोमागे ८ रुपयांनी आणि घरगुती गॅस घनमीटरमागे ५ रुपयांनी उतरवला, ही गोष्ट खरी. तरीही नफा वाढला. पुढे ऑक्टोबर आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने या स्वस्त गॅसचा शहर कंपन्यांचा वाटा कापला आणि नोव्हेंबरात मुंबईत सीएनजी ७५ वरून ७७ रुपयांवर गेला. सरकारच्या लेखणीने नफा वर जातो आणि खालीही येतो. त्यावरून कंपनीची कार्यक्षमता कशी ठरणार? नफा आणि कार्यक्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची फोड करण्यासाठीच तुलनेची गरज आहे.

ही तुलना कशी करतात? एका बाजूला खर्च धरायचा. पगार, दुरुस्ती, वीज, भांडवल. दुसऱ्या बाजूला त्या खर्चात काय दिले ते धरायचे. घरे किती, वाहिनीची लांबी किती, गॅस किती पोहोचला. मग साऱ्या कंपन्या शेजारी मांडायच्या आणि सर्वात कमी खर्चात तितकेच काम कोणी केले ते पाहायचे. बाकीच्या तिच्यापासून किती दूर आहेत ते अंतर म्हणजे अकार्यक्षमता. ऐकायला सोपे वाटते, पण खाचखळगे येथेच आहेत. समजा ‘अ’ कंपनी एक लाख घरे पाच कोटींत सांभाळते आणि ‘ब’ कंपनीला तेवढ्याच घरांना सात कोटी लागतात. ‘ब’ उधळी ठरली? पण ‘अ’ची घरे टोलेजंग इमारतींत आहेत आणि ‘ब’ची वाहिनी वस्ती विरळ असल्याने दुप्पट लांब आहे, तर निकाल उलटू शकतो. मुंबईचे माप सिंधुदुर्गाला लावून चालणार नाही.

हे आपल्याला कोणी शिकवायला नको. कर्जत ते लोणावळा बोरघाटात ३७ फुटांत एक फूट चढ आहे. गाडीला मागून बँकर इंजिने लावावी लागतात. त्या घाटातला इंजिनांचा आणि माणसांचा खर्च मनमाड-भुसावळच्या सपाटीशी ताडणारा एक तर अज्ञानी असेल नाही तर लबाड. दादरचा पोस्टमन आणि भामरागडच्या रानातला डाक सेवक यांच्या पत्रांची संख्या मोजून कोण कामसू हे ठरत नाही.

परदेशांनी हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्याजोगे आहे. ब्रिटनमध्ये १९८६ साली ब्रिटिश गॅस विकली गेली. सारे जाळे एकाच कंपनीकडे होते, मग तुलना कोणाशी? २००५ साली आठपैकी चार विभागीय जाळी वेगळ्या मालकांना विकली गेली. तेथील नियामकाने या विक्रीचा एक मोठा लाभ हाच मानला की आता वेगवेगळ्या मालकांचे खर्च शेजारी ठेवून पाहता येतील. पण त्याच देशाने खर्च-कपातीच्या काळात एक जबर किंमतही मोजली. २२ डिसेंबर १९९९ रोजी स्कॉटलंडमधील लार्कहॉल येथे गंजलेल्या लोखंडी नळातून गॅस झिरपून स्फोट झाला आणि एका घरातली चार माणसे गेली. २००५ साली त्या कंपनीला दीड कोटी पौंड दंड झाला. वस्तीजवळचे जुने लोखंडी नळ तीस वर्षांत बदलण्याचा कार्यक्रम २००२ सालीच सुरू झाला होता. हा नळ बदलण्याचा खर्च नियामक रोजच्या चालू खर्चापासून वेगळा धरून तपासतो. सुरक्षेचा पैसा वाचवून कोणी कार्यक्षम म्हणवून घेऊ नये, हा त्यातला बोध आहे.

आपल्याकडेही २७ जून २०१४ रोजी आंध्र प्रदेशातील पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम येथे गेलची वाहिनी फुटून आग लागली आणि वीसहून अधिक माणसे मेली. ती शहरातली नव्हे, मोठ्या पल्ल्याची वाहिनी होती. परंतु जमिनीखालच्या नळाची देखभाल राहिली तर काय होते हे नगरमने दाखवले.

जर्मनीत गॅस पोहोचवणाऱ्या सुमारे सातशे संस्था आहेत. २००९ पासून तेथील नियामक त्यांची तुलना करतो. लहान संस्थांना सोप्या पद्धतीची मुभा आहे. इतरांचा हिशेब दोन गणिती पद्धतींनी आणि खर्च धरण्याच्या दोन रीतींनी, असा चार वेळा होतो. चार उत्तरांपैकी कंपनीला जे सर्वात अनुकूल असेल ते धरतात. कितीही वाईट निकाल आला तरी ६० टक्क्यांखाली गुण जात नाही. आणि मागे पडलेल्यांना सुरुवातीला सुधारण्यासाठी कित्येक वर्षे दिली गेली.

बंधूंनो, हे पुन्हा वाचा. कंपनीला मोजताना शंकेचा फायदा कंपनीला, चारपैकी उत्तम उत्तर तिच्या पदरात आणि वर कित्येक वर्षांची मुदत! ट्रॅकमनला मोजताना कोणी कधी चार हिशेब केले आहेत काय? त्याच्या वाट्याला एकच आकडा येतो, तोही वरून ठरून, आणि पदे सरेंडर करण्याची तारीख त्याच पत्रात असते. जर्मनीची रीत चुकीची आहे असे आमचे म्हणणे नाही. मोजमापात चूक होऊ शकते हे मान्य करणारी ती रीत आहे. तीच सभ्यता कामगाराच्या वाट्यालाही यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आकडा कसा सजवता येतो याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. रेल्वेचा ऑपरेटिंग रेशो, म्हणजे शंभर रुपये मिळवायला किती खर्च झाला तो आकडा, २०१७-१८ साली ९८.४४ दाखवला गेला. महालेखापरीक्षकांनी डिसेंबर २०१९ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात सांगितले की एनटीपीसी आणि इरकॉन यांच्याकडून आगाऊ घेतलेली रक्कम वगळली तर तो १०२.६६ होतो. एका आगाऊ भाड्याने तोटा शिलकीत बदलला. सरकारी खात्यात, लेखापरीक्षक डोक्यावर असताना हे होते, तर ज्या कंपनीचे कागद कोणी मागूच शकत नाही तेथे काय होत असेल?

आणखी एक धोका कामगारांनी ओळखला पाहिजे. खर्च कमी दाखवण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे कायम कामगाराच्या जागी कंत्राटी कामगार आणणे. गॅसच्या धंद्यात नळ टाकणे, जोडणी देणे, मीटर वाचणे ही कामे मोठ्या प्रमाणात कंत्राटदारांकडून होतात. अर्ध्या पगारात, विम्याशिवाय, अपुऱ्या प्रशिक्षणाने काम करून घेतले तर खर्चाचा आकडा सुंदर दिसेल. कागदावर ती कार्यक्षमता. प्रत्यक्षात तो बोजा कंपनीच्या खांद्यावरून कामगाराच्या बायकापोरांवर टाकलेला असतो. रेल्वेत सफाईपासून देखभालीपर्यंत हे आपण डोळ्यांनी पाहतो आहोत.

तेव्हा मोजणीला विरोध करून आपला प्रश्न सुटणार नाही. मोजणी कोणाची, कशाची आणि कोणासमोर, हे ठरवण्यात आपला वाटा असला पाहिजे. त्यासाठी आमच्या मागण्या या आहेत.

१. २००६ च्या कायद्यात दुरुस्ती करून, जेथे एकच कंपनी आहे तेथे तिचा खर्च तपासून आकार ठरवण्याचा अधिकार नियामक मंडळाला द्यावा.

२. सर्व शहर गॅस कंपन्यांचा तुलनात्मक तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा. जोडणीमागे खर्च, किलोमीटरमागे खर्च, हिशेबात न लागलेला गॅस, गळतीच्या तक्रारी आणि मदत पोहोचायला लागलेला वेळ त्यात असावा. महाराष्ट्रातल्या कंपन्यांचा तक्ता मराठीत असावा.

३. तुलना समान परिस्थितीतल्या भागांशी करावी. दाट शहर, विरळ जिल्हा आणि डोंगराळ मुलूख यांना एक पट्टी लावू नये.

४. सुरक्षेचा खर्च वेगळा धरावा. प्राणघातक अपघातात कसूर सिद्ध झालेल्या कंपनीला त्या वर्षी कार्यक्षमतेचे गुण देऊ नयेत.

५. कायम व कंत्राटी कामगारांची संख्या, त्यांचे वेतन आणि कामावरचे अपघात हे आकडे त्याच तक्त्यात छापावेत.

६. विजेप्रमाणे गॅसच्या दरावरही जनसुनावणी घ्यावी आणि तेथे ग्राहकांबरोबर कामगार संघटनांना बोलू द्यावे.

या मागण्यांना कोणी खाजगी धंद्यात ढवळाढवळ म्हणेल. महानगर गॅसमध्ये गेलचा आणि महाराष्ट्र शासनाचा भाग आहे. इंद्रप्रस्थ गॅसमध्ये गेल, भारत पेट्रोलियम आणि दिल्ली सरकार यांचा भाग आहे. जनतेचा पैसा आत, गिऱ्हाईक जनता, रस्ता जनतेचा. मग हिशेब तेवढा खाजगी कसा?

शाखांनी याबाबत ठराव करून आपापल्या खासदारांना पाठवावेत. जेथे पिवळी नळी आली आहे तेथील सभासदांनी मागल्या तीन वर्षांची बिले जपून ठेवावीत आणि दर केव्हा, किती वाढला याची नोंद शाखेत द्यावी. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनात महाराष्ट्राचे मंत्री आणि खासदार येऊन उतरतात. आपली शिष्टमंडळे दिल्लीला जातातच. या वेळी पगार आणि पेन्शनच्या निवेदनाला हे एक पान जोडून न्यावे.

आपल्याला मोजणारे उद्या पुन्हा पट्टी घेऊन येतील, यात शंका नाही. त्या दिवशी आपण त्यांना सांगू शकलो पाहिजे की पट्टी आम्हाला मान्य आहे, पण ती न्यायाची असू द्या, उघड असू द्या आणि तिने मालकालाही मोजा.

कामगार एकजुटीचा विजय असो!